दारुहळदीचं पाणी

निखिल, सई, तुमच्या आत्याआजी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, आमच्या अक्का, अकोल्याला वारल्या त्याला आता महिना उलटून गेला. त्या दिवशी सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला, "काकू, अक्का उठूनच नाही राहिल्या." मी अमरावतीहून गाडी करून पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. घरात बायका जमल्या होत्या आणि हलक्या आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, अक्कांना तरुणपणी कॅन्सर झाला होता, तो झाडपाल्यानं पळाला. दुसरी म्हणाली, शाळेपायी लग्न केलं नाही बिचारीनं. मी ऐकत बसले. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. खरं काय ते ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे आणि ज्यांना ते ठाऊक असायला हवं ते तुम्ही दोघं इतक्या दूर... म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो. लागू दे, घाई नाही.

मी नागपुरात बी.एस्सी. करून या घरात आले तेव्हा नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि भाजीवाल्या अजून आण्यांतच बोलत. अक्का अकोल्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. भाड्याच्या दोन खोल्यांत त्या आणि माझ्या सासूबाई अशा दोघीच राहत. आम्ही अमरावतीला. सासरे ऐन चाळिशीत गेले होते. त्यांना रक्त पडायचं, सगळे मूळव्याध म्हणत राहिले आणि ती मूळव्याध नव्हती, आतड्याचा कॅन्सर होता हे कळलं तेव्हा पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. अक्कांनी ते सगळं जवळून पाहिलेलं. त्यामुळे स्वतःला तेच दिसू लागल्यावर त्यांनी भावाला, म्हणजे तुमच्या आजोबांना, काही सांगितलं नाही, एका शनिवारी अमरावतीला आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, नागपूरले चाला माह्यासंग. बाळूले म्हणा लुगडे घ्याले जाऊन राहिलो."

नागपूरच्या सर्जननी सरळ नळीतून दिव्याच्या उजेडात तपासलं. आतड्याच्या आतल्या बाजूला मांसाचे कोंब आले होते, पॉलिप. त्यांनी ते विजेच्या तारेनं जाळून काढले. मग आम्हाला दोघींना समोर बसवून समजावलं : हा कॅन्सर नाही, पण तसाच राहू दिला तर पुढे होऊ शकतो. शिवाय असे कोंब पुन्हा येतात, म्हणून दरवर्षी तपासायला यायचं. अक्कांनी विचारलं, पुन्हा येऊ नयेत म्हणून काही औषध? ते म्हणाले, माझ्याकडे नाही.

अमरावतीच्या वैद्यबुवांकडे होतं, किंवा आहे असं ते म्हणाले. दारुहळदीच्या मुळाचे तुकडे पाण्यात टाकून पाणी चौथाई होईपर्यंत उकळायचं आणि गाळून रोज सकाळी घ्यायचं. नाव हळदीसारखं असलं तरी हे झुडूप वेगळं, उत्तरेच्या डोंगरातून येतं. लाकूड कापलं की आत पिवळंजर्द आणि काढा इतका कडू की घोटभर घेतला तर दुपारपर्यंत तोंड कडू राहावं. सर्जनना मी मुद्दाम पत्रानं विचारलं. त्यांनी कळवलं की अपाय दिसला नाही तर घेऊ द्या, गुणाची खात्री मात्र मी देणार नाही. मग मी इतवारा बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून पुडे बांधून घेई आणि अकोल्याला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवी. काढा करायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. मुलीसाठी करण्यासारखं त्यांच्या हातात तेवढंच होतं.

त्याच वर्षी काळे सरांनी अक्कांना मागणी घातली. ते मुलांच्या शाळेत गणित शिकवत, विधुर होते, मूलबाळ नव्हतं. मध्यस्थ वगैरे कोणी नाही, सरळ घरी येऊन सासूबाईंसमोर बोलले. अक्कांनीही काही लपवलं नाही, वडिलांचं आणि स्वतःचं सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "परतून आले तर पुन्हा काढू. मी येत जाईन नागपूरले." अक्का म्हणाल्या, "तसं नाई. वर्षानं तपासणी हाये. कोरी निघाली तर हो. नाई तर नाई. माह्या मायनं जे पाह्यलं ते म्या कोनाले दाखवनार नाई, न् पोरांच्या आंगात तर देनारच नाई." सर वर्षभर थांबले. रविवारी येत, चहा घेत, सासूबाईंशी पावसापाण्याचं बोलून जात. अक्कांनी त्या वर्षात दोन नवी लुगडी घेतली. त्याआधी त्या शाळेत तीच तीच नेसून जात.

वर्षानं आम्ही नागपूरला गेलो. एक कोंब निघाला. लहानच होता आणि सर्जननी लगेच जाळलाही, पण निघाला. परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. अमरावतीसाठी बडनेऱ्याला मला उतरायचं होतं. मी म्हटलं, मी अकोल्यापर्यंत येते. त्या म्हणाल्या, "तुमी जा घरी. बाळू वाट पाहत असन." गाडी हलली तेव्हा त्या डब्यात एकट्याच होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. पुढच्या रविवारी त्यांनी सरांना नाही म्हणून सांगितलं. सर आणखी एक वर्ष थांबायला तयार होते. त्या नाहीच म्हणाल्या. सरांनी परतवाड्याला बदली मागून घेतली आणि पुढे त्यांचं तिकडेच लग्न झालं.

त्यानंतरच्या दिवाळीत मी अकोल्याला गेले. मागच्या अंगणात सुपात काही वाळत घातलं होतं. पाहिलं तर दारुहळदीचे तुकडे, उकळून उकळून फिकटलेले, काही तर नुसत्या काड्या झालेल्या. सासूबाई म्हणाल्या, "टाकून काहून द्याचे? वाळवून चार-सा येळा चालते. रंग येऊनच तर राहिला अजून." आणि खरंच, रंग येत होता. मी चूल पेटलेली असताना त्या काढ्याचं बोट जिभेला लावलं. कडू लागला, पण कोमट पाण्यात औषधाचा चमचा बुडवावा तेवढाच. फडताळात मी पाठवलेले पुडे होते, सुतळीसुद्धा न सोडलेले. नासू नयेत म्हणून जपून ठेवले होते त्यांनी.

अक्का शाळेतून आल्यावर मी त्यांना विहिरीपाशी गाठलं आणि सुपातलं सांगितलं. त्या घागर भरता भरता म्हणाल्या, "मालूम हाये मले."

"कधीपासून?"

"कडू कमी लागून राहिलं तवा वाटलं, जीभ सवयली. नागपूरहून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सूप दिसलं."

म्हणजे सरांना नाही सांगायच्या आधी. मी विचारलं, मग त्यांना तेव्हाच का नाही सांगितलंत, की औषध नीट पोटात गेलंच नव्हतं, अजून एक वर्ष बघू?

"सांगतलं असतं तर ते मायले इचारायले गेले असते. तिनं काय म्हनाव? माह्या हातानं पोरीचं लगन गेलं म्हनाव?" त्यांनी घागर काठावर ठेवली. "न् चांगला कडू पिऊन दुसऱ्या वर्षी पुन्हा निघाला असता, तर? तवा काय सांगतलं असतं... मायले बोलू नोका, वहिनी."

मी सासूबाईंना बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून काढा अक्का स्वतः करू लागल्या. आईला म्हणाल्या, "तुह्या डोयाले धूर लागते, सरक तिकडं." पुढच्या वर्षी तपासणी कोरी निघाली. त्याच्या पुढच्या वर्षीही आणि त्याच्याही पुढच्या. सर्जन म्हणाले, काढ्यानं असेल, नाहीतर यायचेच नसतील, एका माणसावरून मी काही सांगू शकत नाही. मी विज्ञान शिकलेली. ते बरोबर बोलत होते हे मला कळत होतं आणि तरी मला त्यांचा राग आला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला सांगत, "माह्या हातच्या काढ्यानं पोरगी वाचली." अक्का तिथेच वह्या तपासत बसलेल्या असत. मान हलवत, "होव, मायच्याच हातचा." सासूबाई गेल्यावर त्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहिल्या. आम्ही अमरावतीला बोलावलं, आल्या नाहीत. चार दिवस राहत आणि पाचव्या दिवशी म्हणत, आता जाते, घर एकटं हाये.

तुमचे आजोबा गेल्यापासून रविवारी सकाळी आम्ही दोघी फोनवर बोलत असू. बोलण्यासारखं फारसं नसे. आज काय केलं, भेंडी केली, एवढंच. गेल्या थंडीत मी त्यांना भेटायला गेले तेव्हा तुमच्या बाबांचं सांगितलं. तिकडच्या तपासणीत त्यांना तसाच कोंब निघाला, झोपेचं औषध देऊन काढला आणि सोमवारी ते कामावर गेले.

"दुखलं काय त्याले?"

"नाही."

"न् मंग?"

"मग काही नाही. काही वर्षांनी पुन्हा बघतील."

अक्का म्हणाल्या, "एवढंच?"

मी मान हलवली. त्यांनी शाल पायांवर ओढून घेतली. "बाळूनं तर काही इचारच नाही केला. लगन केलं, पोरगं झालं. पोराले निघालं, तेही निघून गेलं. बरं झालं... बरं झालं." विषय बदलावा म्हणून मी तुमच्या बाबांनी सांगितलेलं दुसरंही सांगितलं : दारुहळदीतलं ते पिवळं द्रव्य वेगळं काढून, असे कोंब काढलेल्या लोकांना देऊन पाहतात आता, कोंब पुन्हा येतात का म्हणून. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काही नसलेली. कोणाला कोणती ते माणसाला कळत नाही.

अक्का एकदम हसल्या, खोकला येईपर्यंत. "म्हंजे पिवयं पानी. मायनं मले दोन्हीबी पाजले, वहिनी, फक्त लिहून ठेवले नाई." मग डोळे पुसत म्हणाल्या, "लोकाईले कळन एखांद्या दिवशी. मले काय कळाचं हाये आता."

ती आमची शेवटची भेट. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलं आहे. आतड्याचं काही निघालं नाही. आता रविवारी सकाळी माझा फोन वाजत नाही आणि मीही कोणाला लावत नाही, कारण तुमच्याकडे तेव्हा रात्र असते.

ज्या गोष्टीच्या भीतीनं अक्का एकट्या राहिल्या ती आपल्या घरात अजून आहे. तुमच्या आजोबांकडून ती तुमच्या बाबांकडे आली, कदाचित तुमच्यातही असेल. तपासून घ्या, आणि त्यासाठी कोणाला नाही म्हणू नका.