मुराळी गोजरबाई

लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो, न्हाईतर बाप जातो. आई गेलेली शहागडात कुणी पाह्यली नव्हती. पण गोजरबाईची लेक विमल मुंबईला दिलेली, आन् तिला आणायला गेलेला तिचा भाऊ वामन दोन सालं हात हलवत परत आल्ता. मंग तिसऱ्या उन्हाळ्यात गोजरबाईनं पदर खोचला. "लेक दिलीय, विकली न्हाई," असं वेशीत ठणकावून ती जालन्याला गाडीत बसली.

गोजरबाई गंगेवर नाव चालवणाऱ्या घरातली. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. बाई आवाजानं खणखणीत, भीती कशाशी खातात ते ठाऊक न्हाई. मागं पूर अंगणात शिरला, तर ही गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "माघारी फीर बाई, तुझ्या सासरी समुद्राला येऊन ओटी भरीन!" पाणी उतरलं, नवस तेवढा राह्यला. म्हणून बोचक्यात लेकीसाठी भाजणी आणि गंगेसाठी खण-नारळ.

जावई दीनानाथराव कोर्टात कारकून. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली होती, पण बायकोला धाडायचं म्हटलं की, "बघू, माझ्या जेवणाचे हाल होतात." सासूची समजूत काढायला त्यांनी तोडगा काढला. एक दिवस अलिबागला नेऊन आणू, समुद्र बघेल आणि गुमान गावी जाईल.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तसे दीनानाथराव आडवे झाले. गोजरबाई मात्र देवळाच्या पायरीवर बसावं तशी बसली आणि जावयाला आवळासुपारी देत राह्यली. रेवसला उतरून मोटारीनं अलिबाग गाठलं. पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला तिनं डोळे भरून पाह्यला आणि विचारलं, "आपली गंगा कुठून येऊन मिळती?"

दीनानाथराव खो खो हसले. "अहो आई, गोदावरी जाते पूर्वेला, राजमहेंद्रीकडं. हा पश्चिमेचा समुद्र. उलट्या दिशेला आलात!"

शेजारची माणसंही हसली. विमलनं मान खाली घातली. गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांब आणलेला खण, आणि पत्ताच चुकला! पण हार मानील ती गोजरबाई कसली.

"बरं जावईबापू, पावसाचे ढग कुठून येतात?"

"या समुद्रावरून."

"ते त्र्यंबकच्या डोंगरावर पडतात, तवा गंगा जलम घेती. बराबर?"

"बराबर."

"मंग हे तिचं माहेर झालं की! माहेरची ओटी भरली तर काय बिघडलं?"

लुगडं खोचून ती पाण्यात शिरली, खण-नारळ सोडला, हात जोडले. वळली ती थेट जावयाकडं. "एवढा मोठा समुद्र, पण दर मिरगाला लेकीकडं ढगांचा मुराळी धाडतो. आन् तुम्ही माझा मुराळी दोनदा दारातून रिकाम्या हातानं लावून दिला. तिच्या जिवाला काय वाटलं असंल, इचारलं का कधी?"

"बघू ना आई, ही सुट्टी..."

"ते बघू-बिघू नको. तुमच्या कोर्टावानी मला तारखा देऊ नका. जेवणाचे हाल होतात तर तुम्ही बी चला, चार भाकरी जादा थापीन."

दीनानाथरावांनी आधारासाठी बायकोकडं पाह्यलं. लग्न झाल्यापासून विमल त्यांच्यापुढं "जाऊ का?" एवढंच म्हणत आलेली. आता ती आईच्या लुगड्याचा ओला काठ पिळत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "मी जाणार हाय. तुम्ही येता का?"