विंच कशाला बांधायचा?

पंचगंगा फुगायला लागली की आमच्या गावात एकच घाई असते, नदीकाठच्या मोटरी वर काढायची. पूर्वी भावकीतली दहा माणसं जाड नाडा लावून एकेकाची मोटर ओढायची आणि मग कुणाच्या तरी घरी सगळ्यांना तांबडा रस्सा असायचा. आमच्याकडं ते अकरा वर्षांपूर्वी बंद पडलं. धाकट्या चुलत्यानं बांधावरचा हद्दीचा दगड उकरून हातभर आमच्या रानात सरकवला, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं. दावा कोर्टात गेला आणि दोन्ही घरांचं बोलणं खुंटलं.

मग मी विंच आणला. कागलच्या एमआयडीसीत मी फिटर आहे, असल्या यंत्रांशी माझा रोजचा संबंध. हा हातानं चालवायचा, पोत्यात मावणारा. त्याचं एक टोक झाडाला बांधायचं, तारेचा हूक ओझ्याला अडकवायचा आणि दांडा मागंपुढं करत राहायचं. ओझं मुंगीच्या पावलानं येतं, पण येतं. मी गावभर सांगत सुटलो, "आता आमाला कुणाच्या बापाची गरज न्हाय."

यंदा जुलैत एका दुपारी आम्ही दोघंच काठावर गेलो. मोटर पंपासकट जाड फळीवर घेतली आणि वरच्या आमच्या बाभळीला विंच बांधला. मी दांड्यावर. आबा मोटरीच्या मागं, पहारीनं फळी सरळ ठेवत चिखलातून वर सरकत होते. खरं तर त्यांना तिथून हटवायला हवं होतं. कंपनीत ओढल्या जाणाऱ्या ओझ्याखाली कुणी दिसला तर मीच त्याच्या अंगावर ओरडतो. पण पाणी वीत वीत चढत होतं आणि मला आपलं यंत्र चालतंय याचीच हौस.

निम्मा चढ झाला आणि दांडा एकदम हलका लागला. वळून बघितलं तर बाभळीच्या बुडाची माती उकलत होती. अख्खं झाड माझ्याकडं कललं. मोटर हातभर खाली घसरली आणि आबांच्या छातीला टेकून थांबली.

"आबा, बाजूला व्हा!"

"पाय निघंना रं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. विंचाचा खटका तार सोडणार नव्हता, पण झाडच निघालं तर खटका काय करणार?

शेजारच्या काठावर चुलता एकटाच आपल्या मोटरीचे बोल्ट खोलत होता. पाना टाकून, एक ओंडका उचलून तो चिखलातून धावत आला. आता हा काय ऐकवणार, हेच माझ्या मनात आलं. त्या क्षणीसुद्धा हेच आलं, याची मला आजही लाज वाटते. त्यानं ओंडका फळीच्या मागं ठोकला, आबांच्या शेजारी उभा राहिला आणि मोटरीला खांदा लावला.

"बघत काय बसलाईस? सोड त्ये झाड!"

"मग बांधू कशाला?"

"हद्दीच्या दगडाला!"

मी बाभळीशेजारच्या, बांधावरल्या त्या दगडाकडं बघितलं. उकरून पुन्हा पुरलेला दगड असल्या ओढीला टिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"काका, उपटला तर?" अकरा वर्षांत मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"उपटत न्हाय. तुझ्या आज्ज्यानं कमरंएवढा पुरलाय त्यो. बांध म्हंतो न्हवं!"

मी विंच सोडवून दगडाला बांधला. मग दांडा ओढला. एक खट. दुसरा खट. तार ताणली, फळी करकरली. मला दगडाकडं बघायचा धीर होईना. चुलता मान खाली घालून खांदा लावून उभा होता. त्यानं दगडाकडं एकदाही बघितलं नाही. आबांची नजर मात्र दगडावरून हलत नव्हती. दगड तसूभरही सरकला नाही.

मोटर वर आली. चुलत्यानं आबांच्या काखेत हात घालून त्यांना चिखलातून उपसलं आणि वर आणलं. आबा सरळ दगडापाशी जाऊन बसले. त्याच्या बुडाची माती त्यांनी हातानं चाचपली, पुन्हा चाचपली. हलवलेल्या दगडाच्या भरवशावर कुणी असा मोटरीखाली उभा राहत नाही, हे मला कळलं होतं, तसं त्यांनाही कळलं असणार.

"माझं चुकलं," आबा म्हणाले.

चुलता नदीकडं बघत होता. त्याच्या मोटरीच्या कट्ट्याला पाणी लागलं होतं.

आबांनी माझ्याकडं बघितलं आणि ते खेकसले, "त्यो विंच काय मिरवायला आणलाईस? उचल. माझ्या भावाची मोटर खाली हाय अजून."