ऑक्टोबर छाटणी

वॉशिंग्टन राज्यात द्राक्षं पिकतात म्हटलं की बेलव्ह्यूतले आमचे मराठी मित्र हसायचे. "यार, इथे कपडे वाळत नाहीत, द्राक्षं कसली!" डोंगर ओलांडून पलीकडे कुणी गेलं असेल तर ना! पलीकडे यकिमा काय, वाला वाला काय, सगळं कोरडं ठणठणीत. बागा जगतात त्या नदीच्या पाण्यावर.

मी तासगावचा, बागायतदाराचा मुलगा. ऑफिसात जीव विटला तेव्हा, २००२ साली, वाला वालाजवळ दोन एकर घेऊन वाइनची द्राक्षं लावली. दर शनिवारी साडेचार तास ड्राइव्ह करायचो. शेजारच्या बागेतला म्हातारा मला तिथला इतिहास ऐकवायचा. त्याचा आजोबा इटलीहून आला, त्यानं कांद्याशेजारी द्राक्षं लावली. मग देशभर दारूबंदी आली. त्यातून वाचलेल्या वेली एका हिवाळ्यानं गोठवून मारल्या. बऱ्याच वर्षांनी कुणी वेड्यांनी पुन्हा लावल्या, आणि आता बघावं तिकडे वायनरी! "थंडी परत येते," तो बजावायचा. म्हणून हिवाळ्याआधी प्रत्येक वेलीची तळची एक काडी वाकवून मातीत पुरायची. वरचं सगळं मेलं तरी ती फुटते.

२००३च्या ऑक्टोबरात माझे वडील, अण्णा, आले. आई गेल्यापासून तिकडं एकटेच होते. त्यांनी कायमचं माझ्याकडे राहावं, एवढीच माझी इच्छा. बेलव्ह्यूच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव गुदमरायचा, पण बाग बघितली आणि चेहरा खुलला. आठवडाभर त्यांना म्हाताऱ्याकडे ठेवून मी कामावर गेलो. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि काडी पुरायचं मी अण्णांना सांगितलंच नव्हतं. गाढव मी!

परत आलो तर सगळी बाग छाटलेली. तासगावात ऑक्टोबर आला की छाटणी. तेव्हा छाटलं तरच माल येतो. अण्णा घामेजले होते, खूश होते. "तळची फूट साफ केली बघ. एक ठेवली नाही." म्हातारा कुंपणाशी डोक्याला हात लावून उभा होता.

"झकास झालंय, अण्णा," मी म्हणालो.

डिसेंबरात अण्णा तासगावला परतले. जाताना म्हणाले, "तिकडचं आवरतो. बाग फुटली की कळव, कायमचाच येतो." जानेवारीत थंडीनं खोरं झोडपलं. एप्रिलमध्ये म्हाताऱ्याच्या पुरलेल्या काड्या हिरव्या झाल्या. माझ्या वेली मोडून बघितल्या, आतून तपकिरी. मुळातून फुटतील म्हणून जूनपर्यंत थांबलो. कोवळी बाग, काही उरलं नव्हतं.

अण्णा दर रविवारी फोनवर विचारायचे. एकदा म्हणून टाकलं, "फुटली." त्यांनी फोटो मागितला. मी म्हाताऱ्याच्या बागेचा पाठवला, चुलतभावाच्या ईमेलवर.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "ही छाटणी माझ्या हातची नाही."

मग त्यांनीच विचारलं,

"मीच मारली न्हवं रं?"

"नाही, अण्णा, थंडीनं..."

"असू दे. जेवलास का?"

यायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. २००७ साली ते तासगावात वारले, एकटेच. चुलतभाऊ म्हणाला, २००४ पासून अण्णांनी छाटणीची कात्री हातात धरली नव्हती.