बर्गंडीतल्या आत्याबाई बाबांशी काय बोलल्या

भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. गावच्या जत्रेत कुणाच्या अंगात आलं की सगळे हात जोडतात, तेव्हा मी पार्किंगमधून गाडी कशी बाहेर काढायची याचा विचार करत असतो. इथे लोक लिहितात ते अनुभवही मी वाचतो, पण खोटं कशाला बोलू – बऱ्याचदा हसण्यासाठी वाचतो. आज माझ्यावर हसायची तुमची पाळी. बाबांना विचारूनच लिहितोय. ते एवढंच म्हणाले, "लिव. पन वाढवून लिवू नको." तेव्हा जेवढं झालं तेवढंच सांगतो.

मी भिवंडी तालुक्यातल्या खारबावचा. आमची भातशेती होती, खाडीत बाबांची होडी होती. आता शेताच्या एका तुकड्यावर गोडाऊन आहे, त्यातलं अर्धं थंड गोडाऊन. तिथे मुंबईचे एक इम्पोर्टर फ्रान्सहून आलेली वाइन ठेवतात. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये ते म्हणाले, तुम्ही एकदा जाऊन बघा, ज्यांची वाइन आहे ती माणसं ती कशी सांभाळतात ते. बर्गंडी नावाचा भाग, तिथल्या पाच जुन्या घराण्यांचे द्राक्षमळे, एका आठवड्याचा दौरा. ते सगळी व्यवस्था करणार होते.

अडचण बाबांची होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा घरात कुणाशी फारसे बोलत नव्हते, दिवसदिवस ओटीवर नुसते बसून असायचे. बायकोच म्हणाली, "यांना घेऊन जा. तेवढंच मन रमेल." बहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, मराठी सोडून भाषा येत नाही – हिंदीसुद्धा रिक्षावाल्यापुरती. आणि मी त्यांना निघालो दारूच्या कोठारांत घेऊन. विमानात बसेपर्यंत मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

पण बाबा तिथे खुलले. बोन नावाचं एक छोटं शहर आहे, तिथे आम्ही उतरलो होतो. रोज सकाळी गाडी यायची आणि आजूबाजूच्या गावांत न्यायची. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच – दगडी घर, वर कुटुंब राहतं, खाली तळघरात पिंपं आणि बाटल्या. कुणाची सातवी पिढी, कुणाची नववी. भिंतीला काळी बुरशी, बाटल्यांवर बोटभर धूळ, आणि ती धूळ पुसायची नाही! बाबा मला हळूच म्हणाले, "ठेवतात आनि इसरून जातात का काय ही मानसं?" लोक ग्लास पुढे करायचे, बाबा फक्त वास घ्यायचे आणि परत द्यायचे. मग खुणेने माती मागायचे. मळ्यात वाकून ढेकूळ उचलायचं, बोटांत चुरायचं आणि निकाल द्यायचा, "चुन्याची हाय. भात न्हाय व्हायचा हयं." मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं की ते लोक खूश व्हायचे. वाइन चाखणारे त्यांना रोज भेटतात, माती चाखणारा पहिलाच असावा.

जे घडलं ते चौथ्या दिवशी, चौथ्या मळ्यावर. घराण्याचं नाव देत नाही, त्यांचा धंदा अजून चालू आहे. मालकीण एलेन, वय पन्नाशीच्या आसपास, पायात रबरी बूट, दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे. द्राक्षतोडणी सुरू होती, त्यामुळे जवळजवळ सगळे मळ्यात. घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ पास्काल, एवढेच दिसले. एलेन इंग्लिश चांगलं बोलायची, पास्काल तोडकंमोडकं.

तिने आधी मोठ्या टाक्या दाखवल्या. त्यात द्राक्षं आंबत होती. वास सरळ नाकातून डोक्यात जायचा. तिनेच सांगितलं – या रसातून गॅस निघतो, तो हवेपेक्षा जड असतो, खाली तळघरात उतरून साचतो. म्हणून या दिवसांत खालचा पंखा चोवीस तास चालू ठेवावा लागतो. त्याची घरघर मला ऐकू येत होती. बाबांना त्या वासाने गरगरायला लागलं म्हणून ते बाहेर अंगणात जाऊन बसले. एलेनला वाईट वाटलं. म्हणाली, "माझ्या वडिलांच्या हातची एक बाटली खाली आहे. ती आणते. तुमच्या वडिलांनी नुसता वास घेतला तरी चालेल."

ती गेली. मी शेजारच्या खोलीत टेबलाशी बसलो आणि मोबाइल काढला. भिवंडीहून कंटेनरच्या भानगडीचे दहा मेसेज आले होते. उत्तरं देता देता खिडकीतून बाहेर बघितलं... अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली बाकावर बाबा, आणि त्यांच्या बाजूला व्हीलचेअरवर एक खूप म्हातारी बाई. गुडघ्यावर शाल. दोघं बोलत होते. तिचे ओठ हलत होते, हे मी स्वतः बघितलं. बाबा मान डोलवत होते, मध्येच हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. फोटो काढावा असं वाटलं. काढला नाही. त्याचा पस्तावा आजही आहे.

मी परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

थोड्या वेळाने बाबा आत आले. टोपी हातात.

"उठ बाला. ती मिनू खाली पडलीय."

"कोण मिनू?"

"हीच नं, आता तुला टाक्या दावीत होती ती. भायेर बसलीय ती आत्याबाई बोलली, मिनू खाली गेली ती वर आली न्हाय. पुढून जाव नको, खाली हवा न्हाय. मागचा दरवाजा उघडा, बोलली."

मी हसलो. आज लिहितानाही लाज वाटते, पण हसलो. "बाबा, तुला फ्रेंच कधीपासून कळायला लागलं?" (आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात.)

"फ्रेंच कशाला? आपलंच बोलत होती. भात कसा हाय अवंदा, त्याबी इचारलान."

"बाबा, ती बाटली शोधत असेल. तू बस."

बाबा वाद घालत बसले नाहीत. वळले आणि चालू लागले. मी घाबरलो, की हे आता परक्याच्या घरात शिरून काहीतरी करतील. मागे धावलो. पण तळघराच्या जिन्याशी त्यांच्या आधी मीच पोचलो. दार उघडं, खाली दिवा चालू. "मॅडम?" अशी हाक मारली. काही नाही. एकदा पुन्हा. काही नाही. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला... आणि मागून बाबांनी माझा दंड असा धरला की कळ डोक्यात गेली.

"सांगितला नं पुढून नको!"

तेव्हा मला जाणवलं. पंख्याची घरघर येत नव्हती. कधी थांबली होती कोण जाणे.

मी ओरडलो. पास्काल शेडमधून धावत आला. मी जिन्याकडे बोट दाखवून म्हटलं – एलेन खाली, पंखा बंद. त्याचा चेहरा क्षणात पांढरा पडला आणि तो सरळ जिन्यावर झेपावला. बाबा दारात हात पसरून आडवे उभे राहिले. त्याच्या तोंडासमोर जोरात म्हणाले, "मिनू! मिनू!" आणि घराच्या मागच्या बाजूला हात केला.

पास्काल जागच्या जागी थांबला. बाबांकडे बघतच राहिला. मला कारण कळेना. ते नंतर त्यानेच सांगितलं – त्यांच्याकडे मांजरीच्या पिल्लाला लाडाने मिनू म्हणतात. एलेन लहान असताना तिला असं एकच माणूस म्हणायचं, त्यांची आत्या. चाळीस वर्षांत ते नाव त्या घरात कुणी घेतलेलं नव्हतं.

बाबा तोवर चालायलाही लागले होते. आम्ही दोघं त्यांच्या मागे. घराला वळसा, द्राक्षं पिळायच्या जुन्या घाण्यावरून पुढे, कमरेएवढ्या गवतातून, मळ्याच्या बाजूच्या भिंतीशी. भिंतीवर वेलींचं नुसतं रान माजलेलं. बाबा कुठे थांबले नाहीत, इकडेतिकडे बघितलं नाही. एका जागी जाऊन दोन्ही हातांनी वेल ओरबाडायला लागले. खाली जमिनीलगत तिरकं लाकडी दार निघालं, वर गंजलेला आडणा. पूर्वी पिंपं घरंगळत आत सोडायचं दार. पास्कालने पहार आणली. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा ते एकदाचं उचकटलं.

आतून गार, आंबूस हवेचा झोत आला. आणि दाराच्या बरोबर खाली, दगडी उतारावर – जांभळा हात.

आम्ही आत उतरलो नाही. पास्कालने श्वास रोखायची खूण केली. आम्ही पोटावर आडवे झालो, खाली वाकून एकेक दंड धरला आणि तिला वर ओढली. बाबांनी आम्हा दोघांचे पाय दाबून धरले होते. गवतावर ठेवली तेव्हा तिचे ओठ निळे होते. पास्काल तिच्या गालावर चापट्या मारत होता, काहीबाही ओरडत होता... मग ती खोकली. एकदा, दोनदा, आणि मग मोठा घरघरता श्वास घेतला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच्याइतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही. पास्काल रडायला लागला, मलाही आवरेना. बाबा गवतात बसले आणि आपल्या टोपीने तिला वारा घालत राहिले.

फायर ब्रिगेडची माणसं आली. त्यांनी पुढच्या जिन्यात गॅस मोजायचं मशीन खाली सोडलं. तिसऱ्या पायरीला ते किंचाळायला लागलं. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. मी पडलो असतो, माझ्यामागे पास्काल, आणि मला काढायला बाबा आले असतेच.

दुसऱ्या दिवशी एलेन हॉस्पिटलमधून घरी आली, डोकं दुखत होतं तेवढंच. तिने सांगितलं – खाली पोचल्यावर पाय लटपटले. जिना लांब वाटला. लहानपणी त्या मागच्या उतारावरून घसरगुंडी खेळायचे ते आठवलं म्हणून रांगत तिकडे गेली. दार ढकलायची ताकद नव्हती. पुढचं आठवत नाही.

मग मी तिला नि पास्कालला आत्याबाईंबद्दल सांगितलं. पास्काल म्हणाला, "आत्या नव्वद वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिची वाचा गेली. तेव्हापासून एक शब्दसुद्धा नाही."

मी म्हटलं, मी तिचे ओठ हलताना बघितलेत.

एलेनने उठून आत्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

माझं डोकं हिशोबी आहे, त्यामुळे मी सगळं उलटसुलट करून बघितलंय. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून कधी एखादा शब्द निघतो, डॉक्टरांनीही एलेनला हेच सांगितलं. समजा त्या "मिनू" म्हणाल्या आणि एका हाताने खूण केली. बंद विहिरीत उतरून माणसं गुदमरतात हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत, बाबांनी उरलेलं मनाने जुळवलं असेल. बरं. पण अक्रोडाच्या झाडाखालून तळघराचा जिना दिसत नाही, मध्ये अख्खं घर आहे. एलेन पडल्याचं आत्याबाईंना कसं कळलं? आणि ते दार... पास्काल त्याच घरात वाढला, त्यालाही त्या क्षणी ते आठवलं नव्हतं. आम्हाला तिथे येऊन तास झाला नव्हता. बाबा त्या भिंतीकडे गेलेही नव्हते.

निघण्याआधी आम्ही आत्याबाईंना भेटलो. बाबांनी वाकून नमस्कार केला. त्या मळ्याकडेच बघत होत्या. बाबा त्यांच्या बाजूला बसले, "बरी हायेस नं?" असं विचारलं. उत्तर नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपला चालता हात बाबांच्या हातावर ठेवला, बस. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाले, "सांगायचं ता सांगून झाला तिचा."

याचा अर्थ मला लागलेला नाही आणि लागेल असं वाटतही नाही. पूर्वी असं काही अर्धवट राहिलं की मला झोप यायची नाही. याच्यावर मात्र शांत झोप येते. सगळे जिवंत आहेत, तेवढं पुरतं.

या जानेवारीत एलेन भारतात आली. मुंबईचं काम उरकून मुद्दाम खारबावला आली, एक पूर्ण दिवस. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि जिताड्याचं कालवण केलं. जेवण झाल्यावर ती बाबांच्या शेजारी ओटीवर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून फ्रेंचमध्येच बराच वेळ काहीतरी बोलली. बाबा मान पुढे करून, कान देऊन, अगदी मनापासून ऐकत होते. ती थांबली तेव्हा माझ्याकडे वळून वैतागून म्हणाले –

"काय बोलतंय ही? मना एक अक्षर कलत न्हाय."