मी वसतिगृह सजवलं त्याची गोष्ट

"पावण्याफुडं आपलं उणं काढायचं न्हाई. आन् का, ते इचारायचं न्हाई!"

इस्लामपुरातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाचा हा नियम. केला कुणी? संस्थेचे अध्यक्ष अण्णा आणि त्यांच्या चार सभासदांनी. असलं काही ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण तो नियम पाळताना मीच काय दिवे लावले, ते ऐका!

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. एसटीडी बूथवरून दहा फोन केल्यावर मुंबईचे मोहिते साहेब यायला तयार झाले. मूळचे वाळवा तालुक्यातलेच. धंदा मात्र अजब! बड्या लोकांचं भांडवल गोळा करून आजारी कंपन्यांत घालायचं, कंपनी धडधाकट करायची आणि चार-पाच वर्षांनी हिस्सा विकून बाहेर पडायचं. त्या कमाईतून गावोगाव शाळा, वसतिगृहं दुरुस्त करून द्यायचे.

आमचे नळ कोरडे ठणठणीत. पहिल्या वर्षाच्या पोरींच्या वडलांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत पाणी आलं नाही तर पोरी घरी नेणार.

पण नियम म्हणजे नियम! साहेब यायच्या आदल्या दिवशी मी काय करावं? मंडपवाल्याकडून गाद्या आणल्या. गळक्या पत्र्याखाली झालर ताणली. टँकर मागवून टाकी काठोकाठ भरली!

"लय झ्याक केलंस पोरी!" अण्णा खूश.

साहेब आले. त्यांनी एकेक नळ सोडून बघितला. धो धो पाणी!

"वा! इथं तर काहीच कमी नाही. मी पैसा मोडकळीला आलेल्या ठिकाणी घालतो. शिरवळला एक वसतिगृह आहे, तिकडं देतो."

घ्या! माझं तोंड पांढरंफटक.

"आवं अण्णा, सांगा की त्यांना!" मी कुजबुजले.

"गप! पावण्याफुडं उणं काढायचं न्हाई."

"पोरी घरी जातील!"

"फुडच्या वर्षी बगू."

"मी न्हाई गप बसणार!" मी ओरडलेच. "साहेब, गाद्या मंडपवाल्याच्या, पाणी टँकरचं, आणि त्या झालरीमागं आभाळ दिसतंय!"

अण्णा आणि चारही सभासद वर झालरीकडं बघायला लागले.

साहेब मात्र खो खो हसले. "कंपन्या विकणारे मला अशाच नटवून दाखवतात. तिथं कधी फसलो नाही, इथं फसलो असतो! बोअर, पाइपलाइन, पत्रे, सगळं करून देतो. पण एवढी सफाईदार थाप रचली कुणी?"

मी आशेनं अण्णांकडं बघितलं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. कुणीच काढला नाही.

फक्त पाच बोटं माझ्याकडं वळली.