बाबांच्या डोळ्यांचा चंद्र

नवी दुर्बीण गच्चीवर लावली आणि मला चंद्र अगदी स्वच्छ दिसला. मग बाबांनी चष्मा काढून डोळा लावला. "पुसट आहे रे," म्हणत त्यांनी फोकसचं चाक फिरवलं आणि ते बराच वेळ पाहत राहिले.

त्यांच्यानंतर मी पाहिलं, तर नुसता पांढरा गोळा. "बिघडवलीत ना!" मी वैतागलो. भिंग पुसलं, स्टँड घट्ट केला, तरी तेच. बिघडलं काहीच नव्हतं. चाक बाबांच्या डोळ्याशी जुळलेलं होतं, एवढंच. आमचे निम्मे वाद असेच होत असतील. दोघांनाही स्वच्छच दिसत असतं, आपापल्या जागी.

चाकाकडे गेलेला हात मी मागे घेतला. "बाबा, तुम्हाला काय दिसलं, सांगा ना."