अजून न आलेल्या मुलांचा अंदाज

सरकारी नोकरीत बदली झाली की माणूस ट्रंक बरोबर नेतो, खाट शेजाऱ्याला विकतो, सायकल कुणा नव्या आलेल्याच्या गळ्यात मारतो. किस्से मात्र कुणी घेत नाही. ते आपल्यापाशीच साचत जातात. त्या वेळचे आम्ही आता दोघं-तिघंच उरलोय. कधी भेटलो की एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने "आणि तो जमादाराचा?" म्हणायचं, आणि चहावर साय धरायची.

हे सगळे नंदुरबारच्या एका लहानशा रिमांड होममधले किस्से. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागेची वर्षं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडायचं. चोरीत सापडलेली, घरातून पळालेली, रेल्वेत बिनतिकीट धरलेली मुलं कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आमच्याकडे राहत. अधीक्षक होते सोनवणे साहेब. स्वयंपाकाला रतनबाई. आणि प्रोबेशन ऑफिसर म्हणून नवा कोरा मी, रनाळ्याचा पाटील.

दर वर्षी दिवाळी झाली की वरच्या ऑफिसचा एक ठरलेला प्रश्न यायचा. येत्या वर्षी किती मुलं दाखल होतील? आम्ही कळवू त्या आकड्यावर घोंगड्या, ताटं, ज्वारी, सगळं मंजूर व्हायचं. ह्या एका प्रश्नाने आम्हाला जेवढं छळलं तेवढं मुलांनीसुद्धा कधी छळलं नाही.

*

पहिल्या वर्षी साहेबांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी कॉलेजात थोडंफार गणित शिकलेलो. मागच्या वर्षांची सरासरी काढली, त्या साली पाऊस कमी झालेला म्हणून थोडी वाढ धरली आणि आकडा घेऊन ऐटीत साहेबांसमोर उभा राहिलो.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पाटील, ही मुलं आत्ता कुठे आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, अजून आलेली नाहीत साहेब, पुढच्या वर्षी येतील.

"म्हणजे आत्ता आपापल्या घरी आहेत. कुणी शाळेत असेल, कुणी ढोरं चारत असेल." साहेबांनी चष्मा परत लावला. "आणि आपण त्यांच्या घोंगड्या मागवतोय."

सही करून त्यांनी कागद पाठवून दिला. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात गोट्या खेळणारी पोरं दिसली, तर मी मान खाली घालून गेलो.

*

आता तो जमादाराचा.

पोलीस ठाण्यात गिरासे नावाचे जमादार होते. मिशीवाले, धिप्पाड, मनाने सरळ. आमच्याकडे मुलं पोहोचवायला आले की रतनबाईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जात नसत. एकदा चहा घेताना मी सहज बोलून गेलो की यंदा आमचा अंदाज फारच चुकलाय, लिहिलं होतं त्याच्या निम्मीही मुलं आली नाहीत, आता वरून विचारणा होणार.

त्यांनी फक्त "हं" केलं.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी भर दुपारी गिरासे दारात उभे राहिले. मागे पोरांची रांग. कुणाच्या हातात घासलेटची बाटली, कुणाच्या काखेत कोंबडी. एक पोरगा तर चपलेचा अंगठा शिवायला आलेला, तो चपला हातातच घेऊन उभा. सगळ्यांत धाकट्याची चड्डी ओली झालेली.

मी विचारलं, काय केलंय यांनी? गिरासे म्हणाले, बाजारात उनाड फिरत होते. साहेब आतून बाहेर आले. पोरांकडे बघितलं, गिराशांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, खरं सांगा.

गिराशांनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, पाटीलसाहेब सांगेत ना, तुमना आकडा भरी नही र्‍हायंता."

आमचा आकडा भरत नाही म्हणून पोरं भरून आणलेली. त्या माणसाला वाटलं होतं, आपण यांच्यावर उपकार करतोय.

तोवर फाटकाशी बायका जमल्या होत्या. घासलेटच्या बाटलीवाल्याची आई गज धरून हाका मारत होती. गिराशांनी पोरं धरल्याची नोंद करून टाकलेली, त्यामुळे आम्हाला ती परस्पर सोडता येईनात. साहेब तसेच उन्हातून मॅजिस्ट्रेटकडे निघाले. इकडे मी आणि रतनबाई. बाहेरचा आवाज वाढत चाललेला, एक दगडही येऊन पत्र्यावर पडला. रतनबाईने पोरांना मधल्या खोलीत बसवलं आणि भाकरी दिली. एकानेही तुकडा मोडला नाही. भाकरी खाल्ली तर आपण इथलेच होऊन जाऊ, अशी काहीतरी भीती त्यांच्या डोळ्यांत होती.

उन्हं कलल्यावर साहेब हुकूम घेऊन परतले. फाटक उघडलं. पोरं अशी पळाली की कोंबडी मागेच राहिली.

दुसऱ्या दिवशी गिरासे स्वतः ती कोंबडी काखेत मारून घर शोधत गेले. त्यानंतर आमच्याकडे चहा घेताना आकडा हा शब्द कुणी उच्चारत नसे.

*

त्या प्रकाराचा साहेबांनी फार धसका घेतला. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी मला विचारलंच नाही. स्वतःच्या हाताने आकडा लिहिला, आणि तो इतका लहान की मी म्हटलं, साहेब, थंडीत हाल होतील. त्यांनी तोच कागद पाठवून दिला.

नेमकी त्या साली सातपुड्यात पिकं बुडाली. डोंगरातली माणसं गुजरातेत कामाला निघाली, आणि मागोमाग चुकलेली, हरवलेली पोरं स्टेशनावर सापडायला लागली. पौषात आमच्या दोन्ही खोल्या भरल्या. एका घोंगडीत दोघं, मग तिघं. साहेबांनी घरच्या गोधड्या आणल्या. मी रनाळ्याहून आणल्या.

त्यांत एक पोरगा धडगावच्या वरच्या अंगाचा होता. फक्त पावरी, डोंगरातली बोली, बोलायचा. त्याला ताप भरला आणि उतरेना. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, गरम ठेवा. साहेब त्याच्या उशाशी स्टूल टाकून बसले ते उठेचनात. पोरगा ग्लानीत काहीतरी पुटपुटायचा, थांबायचा, पुन्हा तेच. साहेबांना वाटलं, तो पाणी मागतोय, आई मागतोय, आपल्याला कळत नाही आणि पोरगं चाललं.

रतनबाईचं माहेर डोंगराच्या पायथ्याचं. त्यांनी कान लावून ऐकलं. म्हणाल्या, तो काही मागत नाही. शेळ्यांना नावानं हाका मारतोय.

मग रतनबाईच अधूनमधून शेळीसारखा आवाज काढायला लागल्या. हसू नका, तेव्हा आमच्यातलं कुणी हसलं नव्हतं. एकेक आवाज आला की पोरगा गप्प पडायचा, सगळ्या शेळ्या घरी आल्यासारखा. ताप उतरायला बरेच दिवस लागले, पण उतरला. पुढे त्याचा काका शोधत आला आणि त्याला घेऊन गेला.

तो गेल्यावर साहेब मला म्हणाले, "पाटील, मला वाटलं होतं, आपण कमी लिहिलं तर कमी येतील."

एवढा शिकलेला माणूस. पण खरं सांगतो, तसं मलाही वाटलं होतं.

*

आकड्याचा अंदाज चुकायचा तसा एकेका मुलाचाही चुकायचा. दगडू नावाचा एक पोरगा होता. खिसे कापण्यात त्याचा हात असा की आमच्या झडतीत माझ्याच खिशातला रुमाल त्याच्याकडे निघाला. त्याला सोडलं त्या दिवशी सगळ्यांचं एकमत होतं की हा परत येणार. रतनबाईने त्याचं ताट वेगळं काढून ठेवलं.

वर्ष गेलं, दगडू आला नाही. पुढे मी कामानिमित्त शहाद्याला गेलो होतो. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो, आणि समोर दगडू! डोक्यावर केळ्यांची पाटी, मिसरूड फुटलेली. आमची नजरानजर झाली. त्याने पाटी तिथेच टाकली आणि पळाला.

म्हटलं, पाटी चोरीची. आता ओरडलो तर लोक धरतील, मारतील. नाही ओरडलो तर माझं काम काय? मी तसाच पाटीजवळ उभा राहिलो. माझी गाडी लागली, सुटली. लोक मला केळी विचारायला लागले. एका बाईचं मूल रडत होतं, तिला नाही कसं म्हणणार? तिला दिली, तर मागे आणखी दोघं उभे.

बऱ्याच वेळाने फलाटाच्या खांबाआडून दगडू डोकावला. मी हाक मारली नाही. तो हळूहळू जवळ आला. बघितलं की पोलीस नाही, काही नाही. म्हणाला, केळी मामाच्या मळ्यातली, हवं तर येऊन विचारा. तुम्हाला बघितलं आणि पाय आपोआपच पळाले.

मग पाटीत वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "केवढाले इकात, साहेब?"

मी कितीला विकली ते सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

*

मग पुण्याहून एक अधिकारी आले. तरुण, हुशार, माणूस चांगला. त्यांचं म्हणणं असं की मागचे आकडे बघून पुढचा अंदाज बांधणं हे जुनं झालं. कुठलं मूल बिघडणार हे आधीच ओळखता येतं. बाप नाही, बाप पितो, मूल शाळा चुकवतं, घरी सावत्र आई, अशा खुणा जुळवायच्या. गावोगावच्या शाळांतून तशी नावं गोळा केली की झाला अंदाज, आणि त्या मुलांना वेळेवर मदतही देता येईल. साहेबांना ते पटलं नाही, पण हुकूम होता. मी त्यांच्याबरोबर फिरायला निघालो.

पहिल्यांदा धानोऱ्याला गेलो. हेडमास्तर वयस्कर, धोतरवाले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, गुळाचा चहा दिला आणि नावं द्यायला नकार दिला. अधिकारी म्हणाले, हा सरकारी हुकूम आहे गुरुजी, तुमच्यावर कारवाई होऊ शकते.

बाजूच्या वर्गातले पाढे ऐकू येत होते.

गुरुजींनी हजेरीपुस्तक जवळ ओढलं. "कारवाई करा. मी आज नाव दिलं, तर उद्या हजेरीला ते नाव मला नीट घेता येणार नाही."

बाकीच्या गावांत कुणी अडवलं नाही. नावं मिळाली, आणि अधिकारी ती घेऊन पुण्याला गेले.

*

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, एका सकाळी, तापीकाठच्या एका गावचा शेतकरी आमच्या ओसरीवर येऊन बसला. स्वच्छ पांढरा सदरा, डोक्याला टोपी. बरोबर त्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा, आणि पोराच्या मांडीवर कपड्यांचं गाठोडं.

मी विचारलं, आबा, कुणाला भेटायचंय? तो म्हणाला, पोरगा आणलाय. काय केलं त्याने? काही नाही. मग पोलिसांनी पाठवलंय का? नाही.

हळूहळू उलगडा झाला. गावच्या मास्तरांनी पुण्याच्या साहेबांना जी नावं दिली त्यांत ह्याच्या पोराचं नाव होतं. पोराची आई वारलेली, आणि तो शाळेत कमी, नदीवर जास्त. गावात सगळ्यांना ते कळलं होतं. वर्गातली पोरं त्याला एकटं बसवायला लागली होती.

"सरकारनी नाव लिखेल शे," तो म्हणाला. "आज ना सकाय लई जाशातच. आते कपाशीनं काम सरनं, म्हनीसन मीच लई उनू."

आज ना उद्या आम्ही नेणारच, म्हणून कपाशीचं काम संपताच बाप स्वतःच पोराला सोडायला आला होता. मी खाली बसलो. सांगितलं, आबा, तसं काही नसतं, त्याने काहीच केलेलं नाही, त्याला घरी घेऊन जा. तो मान हलवत होता, पण उठत नव्हता. सरकारने एकदा लिहिलं ते पुसलं जातं, ह्यावर त्याचा विश्वास बसेना. पोलीस गावात येऊन चारचौघांत पोराला नेतील, त्यापेक्षा आपल्या हाताने सोडलेलं बरं, असा त्याचा हिशेब. पोरगा मात्र एकदाही वर बघत नव्हता. गाठोड्याची गाठ सोडायचा, पुन्हा बांधायचा.

जेवणाची घंटा झाली. आमची मुलं रांगेत बसली. हा पोरगा न सांगता उठला आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसला. बापाने ते बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

रतनबाई ताट घेऊन उभ्याच राहिल्या. साहेब आले, त्यांनी पोराला हाताला धरून रांगेतून उठवलं आणि ओसरीवर बापाशेजारी आणून बसवलं. मग रतनबाईला सांगून दोघांची ताटं तिथे मांडली आणि स्वतःचंही. पाहुण्यासारखं जेवू घातलं. जेवताना नदीवर काय करतोस म्हणून विचारलं. पोरगा पहिल्यांदा बोलला. मासे धरतो, म्हणाला.

तरी बाप उठेना. शेवटी म्हणाला, मग तसं लिहून द्या.

साहेब आत गेले. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. बापाला वाचता येत नव्हतं. त्याने कागद पोराच्या हातात दिला.

पोरगा उभा राहिला आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने, अक्षर अक्षर लावत वाचू लागला. "हा मुलगा... आमचा नाही. हा त्याच्या... वडिलांचा आहे. त्याला कोणीही... इकडे आणू नये."

बापाने कागद घेतला, दोन घड्या केल्या, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. पोराने गाठोडं उचललं. दोघं फाटकापर्यंत गेले. तिथून तो माणूस एकटाच परत आला, साहेबांच्या अगदी जवळ उभा राहिला, आणि पोराला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं,

"साहेब, हाऊ कागद याच सालना शे, का पुढला सालले बी चाली?"